समोरच्या गच्चीवरच्या काकूंना, थँक्यू म्हणायचं राहून गेलं होतं

काकू,

तोंडावर म्हणलं असतं तर तुम्ही "चल गं, काहीतरीच" म्हणून चहा टाकायला उठला असता आणि विषय तिथेच संपला असता, म्हणून लिहूनच टाकते. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण ग्वाल्हेर काय, इंदूर काय, बडोदा काय, आपली बरीच मंडळी हल्ली गच्चीवर ही जाड पानांची झाडं घेऊन बसलीयेत आणि मे आला की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांनाही तुमचा उपयोग होऊ दे.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी पुण्याची, लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आले, येताना निम्मा डबा भरून सक्युलंट्स आणले, बाकीचे इथे घेतले. यंदा एप्रिलअखेरीस आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणजे मे आणि जूनचा बराचसा भाग पुण्यात. घरी नवरा होता, पण त्याच्या हिशोबात झाड म्हणजे पाणी घालायची वस्तू, आणि मला खरी भीती त्याचीच होती. तर निघायच्या आधी मी काकूंना म्हणलं, जरा येऊन बघता का. मला वाटलं सकाळी येतील. काकू आल्या रात्री दहाला, जेवणं उरकून, हातात टॉर्च.

काकू, तो दहाचा टाइम तुम्ही मुद्दाम निवडला होतात हे मला तेव्हा कळलंच नाही. तुम्ही झाडांकडे बघितलंसुद्धा नाही आधी, सरळ वाकून गच्चीच्या फर्शीवर हाताची उलटी बाजू टेकवलीत, मग माझा हात ओढून तिथे ठेवलात. सूर्य मावळून तीन तास झाले होते आणि आपला तो ग्वाल्हेरी दगडी पटिया अजून तव्यासारखा तापलेला. "तू दुपारच्या उन्हाला घाबरतेस, मी या फर्शीला घाबरते" असं म्हणालात. आणि मग म्हणालात की दुपारी झाड कसंतरी काढतं, त्याला रात्र मिळायला हवी.

हे वाक्य पुढे सगळीकडे कामाला आलं. पण मी पुण्याची, पुरावा लागतो ना, म्हणून मी विचारलं रात्रीचं एवढं काय. तर तुम्ही (रिटायर झालात तरी शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाई काही जात नाहीत अंगातून) दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पानफुटीचं एक पान घेऊन हजर. "चाव, आणि थुंक, गिळू नकोस." आंबटढाण. संध्याकाळी त्याच झाडाचं दुसरं पान चावायला लावलंत तर फिकं, नुसतं गवतासारखं. मग सांगितलंत की ही मंडळी दिवसा पानांची छिद्रं बंद करून बसतात, पाणी उडून जाऊ नये म्हणून, आणि रात्री उघडून हवा आत घेतात, तिचं आम्ल करून साठवून ठेवतात, सफरचंदात असतं तेच मॅलिक आम्ल, आणि दिवसा उजेडात दारं बंद करून ते वापरतात. म्हणून सकाळी आंबट, संध्याकाळी फिकं. मी नंतर शोधून वाचलं, हे चावून बघण्याचं काम बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतीवाल्याने आपल्या इथे हिंदुस्थानातच केलं होतं, पानफुटीवरच, आणि त्याचं पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं होतं. तुम्हाला माहीत असणारच, पण मला लई भारी वाटलं.

आणि मग सगळं आपोआप जुळत गेलं. रात्र तापलेली राहिली, ३० अंशांच्या खाली उतरलीच नाही, तर झाड छिद्रं नीट उघडत नाही, म्हणजे खाणं बंद. खाणं बंद म्हणजे वाढ बंद, म्हणजे पाणीही ओढत नाही. आणि आपण मात्र "बिचारं उन्हात आहे" म्हणून कुंडी भरतो. ते पाणी तसंच गरम मातीत बसून राहतं आणि मुळं सडतात. लोक म्हणतात ऊन लागून गेलं. अर्ध्या वेळा ते पाण्यानेच गेलेलं असतं. एचेव्हेरियाला (पानांचा गुलाबासारखा गुच्छ असतो ती) तर हे सगळ्यात जड जातं कारण तिची बरीचशी जात मेक्सिकोच्या डोंगरांतली, तिला दिवसा ऊन चालतं पण रात्री गारवा लागतो, आणि नौतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतल्या, ग्वाल्हेरात रात्रीचा गारवा कुठून आणायचा.

तर काकूंनी काय केलं ते सांगते. त्यांच्या जिन्याखाली एक जुना लोखंडी पलंग पडला होता, पट्ट्यांच्या जाळीचा, तो नवऱ्याला आणि समोरच्या दुकानातल्या मुलाला धरून आमच्या गच्चीवर चढवला, भिंतीपासून हातभर लांब ठेवला आणि सगळ्या कुंड्या त्याच्यावर. खालून वारा. फर्शीची धग सरळ कुंडीच्या बुडाला लागत नाही. मी एवढे पैसे घालून स्टँड बघत बसले होते ऑनलाइन! काळ्या प्लास्टिकच्या छोट्या कुंड्या (नर्सरीतून येतात त्याच) मोठ्या मातीच्या कुंडीत उतरवून मधल्या फटीत रेती भरली, कारण काळं प्लास्टिक एका बाजूने तापलं की त्या बाजूची मुळं भाजतात. मातीच्या कुंड्यांना चुना, पण फक्त पश्चिमेच्या अंगाला. सगळीकडे फासला तर कुंडीचं झिरपणं कमी होतं आणि मातीची कुंडी गार राहते ती त्या झिरपण्यानेच, हेही तुमचंच.

मग सावलीचं नेट. मी ७५ टक्के ऊन अडवणारं हिरवं नेट आणून ठेवलं होतं, तुम्ही ते घडी करून बाजूला ठेवलंत आणि ५० टक्केवालं मागवलंत, कारण फार अंधार केला की ही झाडं उजेडाकडे मान काढून लांबुडकी होतात आणि मग ती कधीच परत गोल बसत नाहीत. नौतप्याचे दिवस, म्हणजे २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत गेला की जे सुरू होतात ते, तेवढ्यापुरतं दुपारी बारा ते पाच नेटवर काकांचं जुनं पांढरं धोतर. सुती, पातळ, उजेड येतो, चटका येत नाही. काका असते तर काय म्हणाले असते कोण जाणे, पण तुम्ही हसत हसत म्हणालात, "त्यांना पूजेपेक्षा बागेतच जास्त आवडायचं बसायला", आणि चिमटे लावायला लागलात. नेट झाडांच्या डोक्यावर चांगलं दोन हात वर बांधायचं, टेकवायचं नाही, नाहीतर खाली गरम हवा कोंडते.

एक गोष्ट मात्र मी जन्मात ओळखली नसती. आमच्या गच्चीवर जिन्याच्या खोलीची उत्तरेकडे तोंड केलेली भिंत आहे, आणि तिच्या सावलीत हॉवर्थिया (छोट्या टोकदार पानांचे सक्युलंट्स) ठेवल्या की निर्धास्त असं माझं गणित. तुम्ही म्हणालात जूनमध्ये तिथे चार वाजता उभी राहून बघ. ग्वाल्हेर २६ अंशावर, कर्कवृत्ताच्या जरासंच वर, जूनच्या मध्यावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दुपार कलली की तो पश्चिमेच्याही उत्तरेला सरकतो आणि वायव्येला मावळतो. म्हणजे हिवाळाभर सावलीत असलेली उत्तरेची भिंत नेमकी सगळ्यात वाईट महिन्यात, सगळ्यात वाईट वेळी, तिरपं ऊन खाते. बरं हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या आडोशाला वाढणारी, तिला हे झेपत नाही. तुम्ही नेटचा पडदा त्या वायव्येच्या अंगाला खालपर्यंत सोडलात आणि हॉवर्थिया सगळ्या उचलून तुमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली नेल्यात. कडुनिंब एप्रिलमध्ये नव्या पानाने भरलेला असतो, जाळीदार सावली, फुकट. फक्त निंबोळ्या वेचत बसायला लागतं जूनमध्ये, ते पण तुम्हीच केलंत.

पाण्याचं नवऱ्याला तुम्ही असं शिकवलंत की तो आता मला शिकवतो. आधी कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तरच पुढे. मग झाडूची काडी बुडापर्यंत खुपसायची, माती चिकटून आली तर त्या दिवशी काही नाही. कोरडी आली तरी लगेच नाही, आधी पान बघायचं, दाबलं की मऊ लागतंय का, किंचित सुरकुतलंय का. मग रात्री उशिरा, फर्शी जरा निवली की, नाहीतर पहाटे. तेही कडेकडेने, मधल्या गुच्छात थेंब नको. दुपारी तर बिलकुल नाही, नळाचं पाणीच टाकीत उकळलेलं असतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा खडखडीत सुकलं की वरून घातलेलं पाणी कडेने पळून जातं आणि आपल्याला वाटतं मिळालं, त्या दोन कुंड्या तुम्ही खालून ताटलीत ठेवून पाजल्यात, अर्ध्या तासात ताटली काढून.

आणि कूलर! तो खिडकीतला कूलर बघून मीच मनात म्हणत होते की झाडं आत आणून ठेवली तर? तुम्ही नाही म्हणालात, कूलरची ओली हवा आणि खोलीतला अंधार, दोन्ही त्यांच्या मुळावर. पण कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी फेकू दिलं नाहीत. ते कुंडीत घालायचं नाही कारण पाणी उडत उडत खाली क्षार राहतात, ते रोज सूर्यास्ताला फर्शीवर शिंपडायचं, जुने लोक गच्चीवर झोपायच्या आधी शिंपडायचे तसं. तिघरा धरणाचं पाणी उन्हाळ्यात मोजूनमापून येतं, त्यात गच्ची शिंपायची चैन कुठे, पण हे वायाच जाणारं. (तिघऱ्यावरून आठवलं, विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे आधी १९०३ मध्ये आमच्या खडकवासल्याला बसले आणि मग तुमच्या तिघऱ्याला, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणालात, "म्हणजे पुण्याचं थोडं उरलेलं आम्ही नेहमी घेतोच.")

मी पुण्यात होते तेव्हाचे तुमचे व्हॉइस मेसेज मी डिलीट केलेले नाहीत. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कानाला लावून ऐकायचे. "आंधी आली होती गं, नेट सुटलं, बांधलं. धूळ बसलीये पण मी धुतली नाही, रंगाच्या कोरड्या ब्रशने झटकली, आणि त्या पांढऱ्या भुकटीवालीला हात लावलेला नाही." ती पांढरी भुकटी म्हणजे एचेव्हेरियाच्या पानांवरचा मेणाचा थर, तोच तिचा उन्हापासूनचा बचाव, बोटाने पुसला तर त्या पानावर परत येत नाही, आणि लोक बिचारे स्वच्छ करायला जातात. दुसऱ्या एका मेसेजमध्ये तुम्ही नवऱ्याच्या नावाने अर्धा मिनिट बोललात कारण त्याने अडेनियम (ते जाड बुंध्याचं फुलझाड) पण नेटखाली सरकवलं होतं. "त्याला ऊन हवं, ते अरबस्तानातलं आहे, बाहेर काढ, फक्त कुंडी झाक!" आणि खरंच, सगळी झाडं श्वास रोखून बसली होती तेव्हा अडेनियम एकटं गुलाबी फुलं काढून उभं होतं, तुम्ही फोटो पाठवला होतात, त्यात तुमचा अंगठा पण आहे.

सगळं वाचलं असं नाही हं. मून कॅक्टसचा, हिरव्या कॅक्टसवर कलम केलेला तो लाल गोळा गेला, त्याच्यात हरितद्रव्यच नसतं, तो असाही नाजूकच. एका एचेव्हेरियावर वायव्येच्या बाजूने पांढुरके डाग पडले, आता तपकिरी झालेत, ते राहणारच. कडेला येणारी लाली वेगळी, ती ऊन कमी झालं की उतरते, भाजलेला डाग उतरत नाही. तुम्ही मला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतंत की त्या झाडाची खालची पानं तोडू नकोस, जळकी असली तरी ती आतल्या पानांना सावली करतायत, नवीन आली की मग बघू. बाकी सगळे आहेत. बुडापाशी पिवळं पारदर्शक पडून गळायला लागलेलं एकही नाही, म्हणजे सडलं कुणी नाही.

आईला मी परत येताना विचारलं, ग्वाल्हेरला काय नेऊ, तर ती म्हणाली त्या काकूंसाठी घेऊन जा काहीतरी, माझ्या गुडघ्यापेक्षा तू त्या झाडांची कमी काळजी केलीस ती त्यांच्यामुळे. बाकरवडी तर दिलीच. पण काकू, त्या कडुनिंबाखाली हॉवर्थियाने पिल्लं काढलीयेत, तुमच्या अंगणात काढली म्हणजे तुमचीच, मी वेगळी करून छोट्या मातीच्या कुंड्यांत लावते आहे, पावसाचा दमटपणा जरा ओसरला की आणून देते, कारण ओल्या उकाड्यात ताजी कापलेली मुळं सडतात हेही तुम्हीच सांगितलंत. धोतर धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. पलंग मात्र परत मागू नका.

तुमची,
समोरची