नग ४१२ : महाविद्यालयांतील जुनी नाणी आणि मोडी दप्तरांच्या नोंदीबाबत

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदय,

स. न. वि. वि.

मी एका जुन्या अनुदानित महाविद्यालयातून इतिहास विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो आहे. विभागाचा चार्ज घेतला त्या दिवशी माझ्यापुढे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, ठेवण्यात आले. त्यात खुर्च्या, नकाशे आणि भिंतीवरचे एक घड्याळ यांच्या खाली एक ओळ होती, ‘जुनी नाणी, नग ४१२’, आणि तिच्या खाली दुसरी, ‘जुने कागद, गठ्ठे ९’. चार्ज देणारे आणि घेणारा मी अशा आम्ही दोघांनी नाणी टेबलावर ओतून मोजली, ती ४१२ भरली आणि दोघांनी सह्या केल्या. पुढे काही वर्षांनी विभागाच्या कपाटातल्या एका पुस्तकात आमच्या आधीच्या पिढीतील एका प्राध्यापकांच्या हातची चिठ्ठी सापडली. तीत विभागातील एका चांदीच्या नाण्याचे वर्णन होते : क्षत्रप राजा नहपान याचा चेहरा, त्यावर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने मारलेला तीन कमानींच्या टेकडीचा ठसा, ठशाखालून अर्धवट डोकावणारी ग्रीक अक्षरे आणि शेवटी वजन. मी सगळी नाणी एकेक करून पुन्हा पाहिली. तसे नाणे त्यांत नव्हते. नग मात्र ४१२ च होते.

ते नाणे केव्हा गेले, त्याच्या जागी दुसरे कोणते आले, की चिठ्ठीच एखाद्या वेगळ्या संग्रहाविषयी होती, हे ठरवायला माझ्याकडे काहीही साधन नव्हते. तक्रार तरी काय करणार? रजिस्टरप्रमाणे काहीच कमी झालेले नव्हते.

अशा एका नाण्याने काय बिघडते, असे कोणी विचारील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात १३ हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात तिच्या मुलाने क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचा वंश, निःशेष केल्याचे म्हटले आहे. तो केवळ आईने केलेला गौरव नव्हता, याला या साठ्याने धातूचा पुरावा दिला. पण हा पुरावा उभा राहिला तो साठा पांगण्यापूर्वी कोणीतरी नाणी मोजली, ठसा असलेली आणि नसलेली वेगळी केली आणि ते छापून ठेवले म्हणून. तेच ढीग ‘जुनी चांदीची नाणी’ एवढ्याच नोंदीने निरनिराळ्या कपाटांत गेले असते, तर आज आपल्याकडे चांदी असती आणि इतिहास नसता.

शिवराईचेही तसेच आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, एवढे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण तांब्याची चकती बहुधा ठशापेक्षा लहान असल्याने एका नाण्यावर सगळी अक्षरे क्वचितच उतरतात. अक्षरांचे वळण, ठिपक्यांची कडी, ऱ्हस्वदीर्घातील फरक यांवरून ठसे वेगळे ओळखावे लागतात, आणि त्यासाठी पाच-पन्नास नाणी शेजारीशेजारी मांडून पाहावी लागतात. महाविद्यालयांच्या कपाटांत अशा शिवराया मुठीमुठीने पडून आहेत. विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी, गावच्या जुन्या घराण्यांनी त्या विश्वासाने दिल्या. समिती पाहणीला येणार असली की त्या बाहेर काढून चिंचेने घासून लखलखीत करण्याची एक रीत आहे. तिच्याविषयी मी अधिक लिहीत नाही, कारण तरुणपणी मीही तिला हातभार लावलेला आहे.

कागदांची अवस्था याहून अवघड आहे. डेडस्टॉकमधील वस्तू जुनी आणि निरुपयोगी झाली की तिचे निर्लेखन करता येते, म्हणजे ती नोंदीतून कमी करून टाकून देता येते. मोडलेल्या बाकाच्या बाबतीत हे योग्यच आहे. मात्र ‘जुने कागद, गठ्ठे ९’ या ओळीवर निर्लेखन समितीने कोणत्या आधारावर विचार करावा? मोडी शाळेतून जाऊन दोन पिढ्यांहून अधिक काळ लोटला आहे. समितीत बसलेल्या तिघांपैकी एकालाही समोरचा कागद वतनपत्र आहे, महजर (जुन्या न्यायसभेचा निवाडा) आहे की किराणा दुकानाचा जमाखर्च आहे, हे सांगता येत नाही. शिवाय जमाखर्चाचा कागदही टाकण्याजोगा नसतो. धान्याचे भाव आणि मजुरीचे दर त्यातूनच कळतात. आमच्या नऊ गठ्ठ्यांपैकी एक कोणीतरी नीटनेटका करण्याच्या हेतूने सोडून कागद आकारमानाप्रमाणे लावून ठेवले होते. लांब कागद खाली, आखूड वर. मूळ रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, कोणता कागद कोणत्या कागदामागे होता, कोणते उत्तर कोणत्या पत्राचे होते, हे त्या एका दुपारी पुसले गेले. ज्यावर सालच नाही अशा कागदाचा काळ बहुधा शेजारच्या कागदावरूनच ठरतो, त्यामुळे ही हानी वाळवीने केलेल्या हानीपेक्षा लहान नाही.

आता कायद्यांकडे वळतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपत्ती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे, आणि ऐतिहासिक मोलाच्या कागदाला पंचाहत्तर वर्षे पुरेशी आहेत. मात्र या कायद्याखाली ज्या प्रकारांची नोंदणी सक्तीची केली गेली, त्यांत मूर्ती, चित्रे आणि चित्रित पोथ्या आहेत. नाणी आणि साधी दप्तरे नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा शासकीय अभिलेखांसाठी आहे. एखाद्या देशमुख घराण्याने महाविद्यालयाला दिलेले दप्तर त्यात मुळातच बसत नाही. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले, पण त्याने केलेल्या हस्तलिखिताच्या व्याख्येत फर्माने आणि महसुली कागद वेगळे काढलेले आहेत. म्हणजे दासबोधाची प्रत सापडली तर तिला विचारणारे कोणीतरी आहे, आणि त्याच पेटीतल्या इनामपत्राला नाही.

यात एक अडचण अशी आहे की जी कोणी लिहून देत नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. महाविद्यालयांतील काही नाणी नांगरटीत सापडून, कोणालाही न कळवता, विद्यार्थ्याच्या खिशातून प्राध्यापकांच्या टेबलावर आलेली आहेत. त्यात लोभ नव्हता, अज्ञान होते. तरीही नाण्यांची यादी प्रसिद्ध केली तर चौकशी मागे लागेल, या धास्तीने प्राचार्य यादीच करू देत नाहीत.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. नवे संग्रहालय, काचेची दालने, उद्घाटन यांपैकी काहीही आज नको. संग्रह उचलून मुंबईला नेण्याचीही गरज नाही, कारण नाणे कोणत्या शिवारात सापडले हे सांगू शकणारी माणसे त्या महाविद्यालयाच्या परिसरातच राहतात. आपला विभाग आणि उच्च शिक्षण विभाग यांनी मिळून एक परिपत्रक काढावे आणि त्यायोगे ही नाणी व दप्तरे डेडस्टॉक रजिस्टरमधून काढून स्वतंत्र दाखल-नोंदवहीत घ्यावीत. नोंदवहीत प्रत्येक नाण्याला क्रमांक, दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, व्यास आणि ते कोणाकडून आले हे असावे. कागदांच्या बाबतीत, रुमाल आहे त्याच क्रमात ठेवून, पानांची संख्या आणि पहिल्या व शेवटच्या पानाचे छायाचित्र एवढे सुरुवातीला पुरे. नोंदवहीची एक प्रत पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आणि दुसरी पुराभिलेख संचालनालयाकडे राहावी, म्हणजे चार्ज देताघेताना केवळ आकडा जुळवून भागणार नाही. संचालनालयाच्या लेखी संमतीवाचून निर्लेखन होऊ नये. आणि ठराविक मुदतीत जे महाविद्यालय स्वतः होऊन यादी देईल, त्याला जुन्या, निर्हेतुक चुकांबद्दल अभय मिळावे. हे शेवटचे वाक्य परिपत्रकात नसेल तर बाकीचे कागदावरच राहील. मोडी वाचणाऱ्यांचा प्रश्न मोठा वाटतो, पण पुराभिलेख संचालनालयाच्या प्रशिक्षणवर्गांतून शिकून बाहेर पडलेले तरुण कामाच्या शोधात आहेत, त्यांना दर रुमालामागे मानधन द्यावे.

जतनाच्या बाबतीत तूर्त दोनच सूचना परिपत्रकात पुरेत. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी कपाटात ठेवू नयेत, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि नाणे आतून संपत जाते. आणि फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. बाकी तज्ज्ञांनी पाहावे.

त्या चिठ्ठीची छायाप्रत सोबत जोडली आहे. मूळ चिठ्ठी मी निवृत्तीच्या दिवशी विभागाकडे दिली आणि रजिस्टरमध्ये तिची नोंद करावी असे सुचवले. कारकुनांनी कोणत्या सदरात घेऊ, असे विचारले. शेवटी ती ‘जुने कागद’मध्ये गेली.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास-प्राध्यापक