'जशी आहे तशी' लिहिलं म्हणून चिखल लपवता येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात जो पाऊस कोसळला, तो अंबाझरी, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतले लोक अजून विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी लोकांच्या घरांत शिरलं. सकाळी किती तरी गाड्या चिखलात रुतून बसलेल्या दिसल्या. त्या गाड्यांचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. यंदा पडला, कारण त्यातलीच एक गाडी आज आमच्या दारात उभी आहे.

माझ्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मानेवाड्याहून जाता-येता ऑटोचा खर्च आणि उन्हाळ्यातले हाल पाहून फेब्रुवारीत आम्ही जुनी कार घ्यायचं ठरवलं. शहरातल्याच एका विक्रेत्याकडे २०१५ चं मॉडेल, पेट्रोलची छोटी गाडी २ लाख ४० हजारांत मिळाली. बाजारभावापेक्षा चाळीसेक हजारांनी स्वस्त. गाडी चकाचक होती. नवीन सीट कव्हर, नवीन मॅटिंग आणि आत मोगऱ्याच्या वासाच्या दोन डब्या. माझ्या भावाने चालवून पाहिली, टायर पाहिले, ऑइल पाहिलं. घरी आल्यावर त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "एकदा विचारून घे, पुरातली तर नाही ना." मी विक्रेत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: "नाही ताई, पाण्यातली गाडी आपण ठेवतच नाही. घरची गाडी आहे, बिनधास्त घ्या." ते दोन ओळींचं उत्तर आज माझ्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद आहे.

मार्चअखेर खिडकीची काच आपोआप वर-खाली व्हायला लागली. मग डॅशबोर्डवरचे दिवे कधीही लागायचे, कधीही विझायचे. एप्रिलमध्ये भर दुपारी, आईला दवाखान्यातून घरी आणताना, गाडी चौकात बंद पडली ती पडलीच. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात डायलिसिस झालेलं माणूस रस्त्याच्या कडेला पाऊण तास बसलं होतं. त्या दिवशीचा आईचा चेहरा मी विसरू शकत नाही.

ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी पाहिली. स्कॅनर लावायच्या आधीच त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोज आपण बेल्ट लावतो तेव्हा जो भाग कधी बाहेर येत नाही, त्यावर मातकट रंगाची एक आडवी रेघ होती. मग त्यांनी चिकटवलेलं मॅटिंग उचकटलं. खालचं मूळ कार्पेट कडक झालेलं, त्यात बोटाने खरवडली की पीठ पडावं तशी सुकलेली गाळाची माती. सीटच्या खालच्या पट्ट्या गंजलेल्या. डॅशबोर्डखालच्या एका वायरचं आवरण त्यांनी सोललं, तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. म्हणाले, "ताई, बुडून निघाली आहे हो ही गाडी. पाणी लगेच मारत नाही, हळूहळू मारते." जोडण्यांमध्ये शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने तारा खात राहतो, म्हणून अशी गाडी ट्रायलला उत्तम चालते आणि नंतर दगा देते. त्याहून भीती वाटावी अशी गोष्ट त्यांनी दाखवली ती ही, की एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारी पेटी बऱ्याच गाड्यांत पुढच्या दोन सीटच्या मधे, तळाशीच असते. पाणी पहिल्यांदा तिथेच पोचतं. अपघाताच्या क्षणी ती चालेल, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आरसी दाखवून मी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चेसिस नंबरवरून चौकशी केली. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस ही गाडी तिथे टोइंग करून आणली होती. दुरुस्तीचं एस्टिमेट निघालं, पण काम न करताच गाडी परत नेली गेली. पुढे ती कुणाकुणाच्या हातून फिरली, देव जाणे.

विक्रेत्याने काय म्हणावं? "ताई, जुन्या गाडीची कसली गॅरंटी? तुम्ही सही करून दिली न." खरंच दिली होती. त्याच्या छापील कागदावर तळाशी 'गाडी जशी आहे तशी पाहून, पसंत करून घेतली, पुढील कोणतीही तक्रार राहणार नाही' अशी ओळ होती. माझ्यासारखे शेकडो लोक ही ओळ वाचून गप्प बसत असतील. हे पत्र मी त्यांच्यासाठी लिहिते आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तू नवी की जुनी असा भेद करत नाही. पैसे मोजून स्वतःसाठी वस्तू घेतली की आपण ग्राहक. विक्रेत्याने जे सांगून वस्तू विकली त्याच्याशी ती जुळत नसेल तर तोही कायद्याच्या भाषेत दोषच, आणि दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा. पक्कं बिल न देणं हीसुद्धा त्यातच येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. दुसरीकडे १८७२ चा करार कायदा सांगतो की माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं हा कपट ठरतो आणि कपटाने मिळवलेली संमती फसवला गेलेला माणूस रद्द करू शकतो. १९३० चा माल विक्री कायदा खरेदीदारालाही बजावतो की तुम्ही वस्तू तपासली असेल तर नीट पाहिल्यावर दिसायला हवा होता असा दोष नंतर दाखवू नका. हे योग्यच आहे. झिजलेला क्लच, थकलेली बॅटरी, गुळगुळीत टायर यांसाठी मी कुणाशी भांडणार नाही, त्यासाठीच तर किंमत कमी होती. पण चिकटवलेल्या मॅटिंगखालचा गाळ कोणत्या ग्राहकाने कसा पाहायचा? 'जशी आहे तशी' या शब्दांचा अर्थ 'जशी दाखवली तशी' एवढाच होऊ शकतो. जे लपवलं, त्याला मी कधी पसंती दिलेली नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. शेजाऱ्याने किंवा ऑनलाइन जाहिरात देणाऱ्या एखाद्या व्यक्तीने स्वतःची गाडी थेट विकली तर तो व्यापारी नसतो, तिथे दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. ग्राहक आयोगात जायचं तर समोर गाड्यांचा धंदा करणारा हवा. आणि स्वतः टॅक्सी चालवून पोट भरायला गाडी घेतली असेल तर 'व्यावसायिक वापर' म्हणून कुणी हाकलू शकत नाही, स्वयंरोजगारासाठीची खरेदी कायद्याने वाचवली आहे.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, विक्रेत्याकडे पाठवली, उत्तर आलं नाही. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ते काम आयोगाचं. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला एक रुपयाही फी नाही. वकील लावावाच लागतो असं नाही, मी लावलेला नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, गाडी मुंबईहून घेतली असली तरी. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. तज्ज्ञांकडून तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे मी पाहते आहे, पण मी जात राहणार. प्रकरण आयोगापुढे असल्यामुळे विक्रेत्याचं नाव इथे लिहीत नाही.

एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. मिस्त्रींनी ८५ हजारांचा खर्च सांगितला होता आणि मी होकार देणार होते. ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या एका काकाजींनी वेळेवर थांबवलं. गाडी दुरुस्त केली असती तर पुरावाच गेला असता. आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, ती आहे त्या अवस्थेत हवी. म्हणून आम्ही फोटो, व्हिडिओ काढले, मिस्त्रींकडून लेखी घेतलं आणि गाडी तशीच उभी ठेवली. तो व्हॉट्सअ‍ॅपचा मोबाइलही बदललेला नाही. आई पुन्हा ऑटोने जाते.

आता परिवहन कार्यालयाला एक विनंती. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार अशा विक्रेत्याने नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं असतं, ते पाच वर्षांसाठी असतं. मालकाने गाडी विकायला दिली की तसं पोर्टलवर कळवायचं असतं आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी विक्रेत्याची. चांगला नियम आहे. मी माझ्या विक्रेत्याला हे प्रमाणपत्र मागितलं, तर त्याने गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, दाखवला! नागपूरच्या एमएच ३१, ४९ आणि ४० या तिन्ही परिवहन कार्यालयांनी आपापल्या हद्दीतल्या प्रमाणपत्रधारक विक्रेत्यांची यादी नोटीस बोर्डावर आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावी. प्रमाणपत्र नसताना सह्या केलेल्या कोऱ्या २९-३० नंबरच्या (गाडीची मालकी बदलण्याच्या) फॉर्मांवर गाड्या फिरवणाऱ्यांची तपासणी करावी. त्या कोऱ्या फॉर्मांमुळेच माझी गाडी मधल्या काळात कुणाकडे होती हे आज कळत नाही.

दुसरी मागणी विमा कंपन्यांबाबत आहे. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित किमतीच्या पाऊण हिश्शावर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात, मालकाला पैसे देतात आणि तो सांगाडा लिलावात विकतात. कायमची निकामी झालेली गाडी मालकाने परिवहन कार्यालयाला कळवायची, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे, पण सांगाडा विकत घेऊन तो रंगवून पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्याला ती कशी अडवणार? पुरात बुडालेल्या किंवा टोटल लॉस झालेल्या प्रत्येक गाडीची नोंद विमा कंपनीने थेट 'वाहन' या गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत करावी आणि गाडीचा नंबर टाकला की ती कुणालाही दिसावी. आज विम्याची मुदत दिसते, पीयूसी दिसतं. मग गाडी बुडाली होती हे का दिसू नये?

पावसाळा तोंडावर आहे. नागपुरात पुन्हा कुठे पाणी शिरलं तर त्या गाड्याही याच बाजारात येतील. जिल्हाधिकारी, परिवहन अधिकारी आणि ग्राहक संघटनांनी त्याआधी एकत्र बसावं, ही कळकळीची विनंती. माझ्याकडची सगळी कागदपत्रं घेऊन मी त्या बैठकीला यायला तयार आहे.

आपली,
एक वाचक
मानेवाडा, नागपूर