माझी कोणती कागदपत्रं तुमच्याकडे आहेत, एवढंच विचारलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गेली सहा वर्षं पुण्यात भाड्याने राहतेय, आधी धनकवडी, मग वारजे आणि आता कर्वेनगर, म्हणजे तीन घरं आणि तीन एजंट. दर वेळेला तेच, टोकन दिलं की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, आधारच्या दोन्ही बाजू पाठवा, पॅन, कंपनीचं आयकार्ड, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फोटो, गावचा पत्ता, वडिलांचा नंबर. घर हातचं जाऊ नये म्हणून आपण ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फटाफट पाठवून देतो. मीही पाठवलं, तेव्हा काहीच वाटलं नाही.

गेल्या महिन्यात कर्वेनगरच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट करायचं होतं, मी एजंटला म्हटलं आधी ड्राफ्ट वाचायला द्या, तर त्यांनी एक पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं की असंच होणार, फक्त नावं बदलतील. उघडून बघते तर दुसऱ्याच एका मुलीचं रजिस्टर झालेलं अ‍ॅग्रीमेंट! तिचं नाव, वय, पॅन नंबर, गावचा पत्ता, फोटो, अंगठा, भाडं किती, डिपॉझिट किती, सगळं. घरमालकांचं पण तसंच, ते तर सत्तरीच्या पुढचे. त्या मुलीला कल्पना तरी असेल का की आपला कागद नमुना म्हणून फिरतोय? मी ती फाइल लगेच डिलीट केली आणि एजंटला तसं स्पष्ट सांगितलं, पण रात्री झोप लागेना, कारण मग मनात आलं की माझं वारज्याचं अ‍ॅग्रीमेंट आत्ता कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये पडलं असेल.

म्हणून वारज्याच्या एजंटला मेसेज केला. ते घर सोडून मला वर्ष उलटून गेलंय. नीट, आदराने लिहिलं की माझी कोणकोणती कागदपत्रं तुमच्याकडे आहेत, ती कुणाला पाठवलीत, आणि आता गरज नसेल तर डिलीट करून मला कळवा. उत्तर आलं, "मॅडम काही प्रॉब्लेम झालाय का?" मी म्हटलं नाही, फक्त माहिती हवीय. मग फोन आला, आवाज चढलेला, "आमच्यावर विश्वास नाही का, सगळ्यांचीच कागदपत्रं असतात आमच्याकडे." त्यानंतर काहीच नाही. अहो, विश्वासाचा प्रश्न कुठे आला यात? बँकेत जाऊन पासबुक भरून घेतो तेव्हा आपण बँकेवर संशय घेतो का, आपलं काय जमा आहे ते बघतो इतकंच.

एजंटची बाजू मला कळते. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे सक्तीचं आहे, ती जबाबदारी मालकावर असते आणि धावपळ एजंट करतो. ऑनलाइन रजिस्ट्रेशनला आधार लागतंच, तो माणूस लॅपटॉप आणि थंबचं मशीन घेऊन घरी येतो तेव्हा नंबर द्यावाच लागतो, शिवाय पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते. या कशालाच माझी हरकत नाही. पण रजिस्ट्रेशन झालं, पोलिसांकडे माहिती गेली, अकरा महिने संपले, घर सोडलं, तरी माझ्या सॅलरी स्लिप कशाला हव्यात? वडिलांचा नंबर कशाला हवा? माझ्या वडिलांना सांगलीला फोन येतात की पुण्यात फ्लॅट घ्यायचाय का, तो नंबर कुठून गेला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये लीड्सला भाड्याने राहतो. घर सोडताना साफसफाईच्या नावाखाली त्याचं डिपॉझिट कापलं, तर त्याने एजंटला एक साधा ईमेल टाकला की माझ्याबद्दलची तुमच्याकडे असलेली सगळी माहिती द्या. तिथल्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे एजंटला साधारण एका महिन्यात उत्तर द्यावंच लागतं, फी नाही, कारणही सांगावं लागत नाही. त्याला त्याच्याविषयीचे ईमेल आले, घर तपासणीच्या नोंदी आल्या, दुसऱ्या लोकांची नावं काळी करून. त्या वाचूनच त्याने डिपॉझिटचा वाद घातला. नाही दिलं तर तक्रार करायला तिथे डेटा संरक्षणासाठी वेगळी यंत्रणा आहे. मला सगळ्यात जास्त काय लागलं तर त्या एजंटने त्याला एकदाही विचारलं नाही की तुम्हाला हे कशाला हवंय.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही हं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचं कलम ११ म्हणतं की माझी कुठली माहिती आहे, तिचं काय केलं आणि कुणाला दिली हे मी विचारू शकते, कलम १२ प्रमाणे ती दुरुस्त करायला किंवा पुसून टाकायला सांगू शकते. काम झालं की माहिती पुसायची, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तेवढी सोडून, हेही त्यात आहे. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि हे मुख्य हक्क लागू व्हायला तिथून अठरा महिने, म्हणजे मे २०२७. आणि हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे, एजंटच्या ड्रॉवरमधली झेरॉक्स त्यात येत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो येतो, आणि आजकाल सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच तर जातं.

तोपर्यंत काय करायचं? पुण्यात दरवर्षी शिकायला, नोकरीला किती मुलंमुली येतात, ती सगळी जून-जुलैमध्ये हेच कागद पाठवणार. माझी एजंट मंडळींना हात जोडून विनंती आहे की कायद्याची तारीख येईपर्यंत थांबू नका. ड्राफ्ट दाखवायचा तर कोरा फॉर्मॅट करून ठेवा, एका संध्याकाळचं काम आहे. नुसती ओळख पटवायची असेल तिथे मास्क केलेलं आधार चालवून घ्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, ते आधारच्या वेबसाइटवरून आपलं आपल्याला फुकट काढता येतं. आणि कुणी विचारलं की माझं काय काय आहे तुमच्याकडे, तर दोन ओळीत लिहून द्या. घरमालकांनीही एजंटला हे विचारावं, त्यांचाही पॅन आणि अंगठा त्याच फाइलमध्ये असतो.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. नवीन अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी जे जे पाठवलं त्याची तारखेसकट यादी केली, रजिस्ट्रेशन झाल्यावर आधार अ‍ॅपवरून बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे मी उघडेपर्यंत माझा अंगठा आधारला चालत नाही, आणि कर्वेनगरच्या एजंटनी, त्यांचे आभार मानायला हवेत, ती नमुन्याची पीडीएफ माझ्यासमोर मोबाईलमधून काढून टाकली आणि त्या मुलीला फोन करून सांगितलं. वारज्याच्या एजंटला मी परवा पुन्हा लिहिलंय, या वेळी ईमेलने.

आपली,
एक भाडेकरू, कर्वेनगर, पुणे