तुमचे दोन तास चौकाला द्या

सप्रेम नमस्कार.

हे आवाहन देणगीसाठीही आहे, पण देणगीच्या आधी आम्हाला माणसं हवी आहेत. सकाळी दोन तास चौकात उभं राहून रस्ता ओलांडणाऱ्यांची मोजणी करायची आहे. मोजून काय होणार, असं अनेकांनी विचारलं, म्हणून आधी एक प्रसंग सांगते.

माझी आई ७८ वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालणं तिने कधी सोडलं नव्हतं. मोठ्या चौकाच्या पलीकडे माझी मावशी राहते, तिच्याकडे दोन-तीन दिवसांआड आईची चक्कर ठरलेली. एकदा मी सोबत होते. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला, आईने आधी काठी खाली टेकवली, मग एक पाय, मग दुसरा. आम्ही निम्म्याहून थोडं पुढे गेलो असू, तेवढ्यात दिवा लुकलुकला आणि लाल झाला. हॉर्न सुरू झाले. एक दुचाकी आमच्या पुढून गेली, एक मागून. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ होते. पलीकडे पोचल्यावर ती एवढंच म्हणाली, "यापुढे मावशीलाच आपल्याकडे बोलावत जा."

त्या दिवसानंतर ती चौकापलीकडे एकटी गेलेली नाही.

पुढच्या आठवड्यात, चालणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी आणि बससाठी काम करणाऱ्या आमच्या समितीतले आम्ही तिघं टेप आणि स्टॉपवॉच घेऊन त्याच जागी गेलो. रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत १८ मीटर भरला. हिरवा दिवा १५ सेकंद. सिग्नलची वेळ बसवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. १८ ला १.२ ने भागा, बरोबर १५ येतात. म्हणजे हिशेब चुकलेला नव्हता, पण तो धडधाकट माणसाचा होता. घरी येऊन आईची चाल मोजली, ती सेकंदाला ०.८ मीटर निघाली. तिला पलीकडे जायला साडेबावीस सेकंद लागतात. दिवा लाल होतो तेव्हा ती बाराव्या मीटरवर असते आणि सहा मीटर रस्ता अजून पुढे असतो.

वाढवून हवेत ते साडेसात सेकंद. पण ते मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, अशी किती माणसं आहेत? आणि तिथे आम्ही अडतो. त्या चौकातून तासाला किती गाड्या जातात याचा आकडा आहे. चालणाऱ्यांचा नाही.

अपघातांच्या नोंदीही इथे पुरत नाहीत, आणि हे आम्हाला कळकळीने सांगायचं आहे. आईला अपघात झाला नाही, त्यामुळे ती कुठल्याच तक्त्यात येणार नाही. उलट तिच्यासारख्यांनी रस्ता ओलांडणं सोडलं की अपघात कमी होतात, चौक कागदावर सुरक्षित ठरतो आणि त्याच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही. मुलाला एकट्याने सायकलवर पाठवायला धजत नाहीत ते आईवडील, अंधार पडल्यावर थांब्यापर्यंत चालत जायला नको म्हणून बसच नको म्हणणाऱ्या मुली, या सगळ्यांची हीच गोष्ट. भीतीने जे घरी बसले, त्यांचा हिशेब कोण ठेवणार?

प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ साली जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली. त्यात निम्म्याहून अधिक चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवाले होते. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ते अपघात हेच आहे. आणि तरी आपण "नशीब" म्हणतो.

नशीब नव्हे, वेग. समोर मूल आलं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या चालकालाही एक सेकंद लागतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. ताशी ३० ने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर जवळपास तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबलेली असते. एक गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक आत्ता कुठे लागतो आहे. आम्ही हे मैदानावर खडूच्या रेघा ओढून मुलांना दाखवलं. चौदा मीटरच्या रेघेशी उभी राहिलेली एक मुलगी मागे वळून सुरुवातीच्या रेघेकडे बघत म्हणाली, "म्हणजे काका चांगले असले तरी गाडी थांबणार नाही?" यापेक्षा नेमकं आम्हालाही सांगता आलं नसतं. चालक चांगला असणं पुरत नाही, वेग मुळातच कमी हवा. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, असं आरोग्य संघटना सांगते.

वेग नुसत्या पाटीने कमी होत नाही. रस्ता सरळ, रुंद आणि मोकळा असला की पाय आपोआप दाबला जातो. कोपऱ्याची गोलाई मोठी असली की वळणारी गाडी वेग कमी करत नाही, तीच गोलाई लहान केली की तिला करावाच लागतो. क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला आणलं की गाडीला चढून यावं लागतं आणि काठीवाल्याला उतरावं लागत नाही. कोपऱ्याला लागून उभ्या केलेल्या गाड्या हटवल्या की मूल चालकाला दिसतं आणि चालक मुलाला. अमेरिकेतल्या होबोकेन शहराने हे कोपरे मोकळे करण्याचं काम चिकाटीने केलं. जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून जास्त काळ तिथल्या रस्त्यांवर एकही मृत्यू झाला नाही. नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये २०१९ साली एकही पादचारी किंवा सायकलस्वार दगावला नाही, आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीत त्याच वर्षी एकही पादचारी गेला नाही.

ही शहरं आधीपासून अशी नव्हती. सायकलींचा देश म्हणून नेदरलँड्सचं नाव घेतात, पण १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यात ४०० हून अधिक मुलं होती. पुढच्याच वर्षी, मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांची हत्या थांबवा" हे त्यांच्या संघटनेचं नावच होतं. शब्द कठोर आहेत, पण ज्यांच्या घरातलं मूल गेलं त्यांनी ते निवडले होते. त्या माणसांकडे ना सत्ता होती ना पैसा. त्यांच्याकडे शेजारी होते, आणि ते एकमेकांसोबत उभे राहिले. आम्ही तुमच्याकडे तेच मागतो आहोत.

बसबद्दल थोडं. बसचा प्रत्येक प्रवास चालण्याने सुरू होतो आणि चालण्यानेच संपतो, म्हणून बसची मागणी फूटपाथपासून वेगळी काढता येत नाही. आणि रस्त्याची एक मार्गिका फक्त बससाठी ठेवली तर तिच्यातून तासाला ४,००० ते ८,००० माणसं जाऊ शकतात. त्याच मार्गिकेत खाजगी गाड्या सोडल्या तर ६०० ते १,६०० च्या पुढे आकडा जात नाही. रस्ते बांधणारे लोकही हे हिशेब वापरतात. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ साली बसला स्वतःचा रस्ता दिला तो याच विचाराने.

सायकलचं दुखणं निराळं आहे. रंगाचा पट्टा ओढला की झाली सायकलवाट, असा समज आहे. तो पट्टा बहुतेक वेळा चौकाच्या अलीकडेच संपतो, म्हणजे सर्वांत जास्त गरज असते तिथेच. मधे तुटलेली वाट वाट नसते. आम्ही मागतो आहोत ती जोडलेली, कठड्याने वेगळी केलेली वाट, लांबीने कमी असली तरी चालेल.

आता काम नेमकं काय ते सांगते. मोजणी जोडीने करायची. एकाने क्रॉसिंगवर नजर ठेवून बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. पंधरा मिनिटांचा एक रकाना, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, की झाला एक जुडगा. मुलं, मोठी माणसं, वयस्क, काठी-व्हीलचेअर-बाबागाडी, सायकल, असे वेगवेगळे स्तंभ आहेत. शेवटचा स्तंभ आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे. दिवा लाल झाला तेव्हा रस्त्यातच असलेली माणसं त्यात लिहायची. त्याच्या बाजूला थोडी मोकळी जागा ठेवली आहे, तिथे जे दिसलं ते लिहा. कुणी निघून परत फिरलं, कुणी दुसऱ्याचा हात मागितला, ते सगळं.

पहिल्या चाचणीत एक गोष्ट दिसली. झेब्रा पट्टे सोडून बरीच माणसं पलीकडून, मधूनच रस्ता ओलांडत होती. लोकांना शिस्त नाही, असं आम्हालाही आधी वाटलं. मग लक्षात आलं, बसथांबा तिथे समोर आहे. झेब्रापर्यंत जाऊन परत यायचं तर दीडशे पावलं जास्त, आणि बस तर समोर उभी. थांब्याची आणि झेब्राची जागा ज्यांनी ठरवली त्यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं, इतकंच. हे कळायला दोन तास तिथे उभं राहावं लागलं. खुर्चीत बसून ते दिसलं नसतं.

ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांच्यासाठी फूटपाथची मोजणी आहे. सोबतीला कुणी तरी टेप धरतो, तुम्ही सांगाल ते लिहितो. आपण फूटपाथची पूर्ण रुंदी मोजत नाही, सर्वांत अरुंद जागेची मोकळी रुंदी मोजतो. खांब, विजेची पेटी, झाडाचा कट्टा, उभ्या दुचाकी वगळून जे उरतं ते. दोन व्हीलचेअर समोरासमोरून जायच्या तर १.८ मीटर लागतात. आम्ही मोजलेल्या एका ठिकाणी ६५ सेंटीमीटर उरले होते, आणि त्यातही मधे उघडं झाकण. व्हीलचेअर वापरणारे, डोळ्यांना कमी दिसणारे, बाबागाडी ढकलणारे यांनी तर यावंच. तुम्हाला जे लगेच बोचतं ते आमच्या नजरेतून सुटतं.

बसचालक आणि वाहक मित्रांनाही आग्रहाचं निमंत्रण. तुमची बस कुठे अडते, थांब्याला लावता का येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? गाडी चालवणाऱ्यांनीही यावं. आमच्यातले निम्मे रोज गाडी चालवतात. हा कुणाच्या विरुद्धचा मोर्चा नाही. गाडीतून उतरलं की आपण सगळेच पादचारी असतो.

देणगी कशासाठी, तेही स्पष्ट सांगतो. वेग मोजायचं एक यंत्र घ्यायचं आहे, कारण "गाड्या फार जोरात जातात" या वाक्याला कुणी हिंग लावून विचारत नाही, आकड्याला विचारतात. टेप, स्टॉपवॉच, तक्त्यांची छपाई आणि मोजणीच्या दिवशी घालायची उजळ रंगाची जॅकेटं लागतील. शेवटचा खर्च प्रयोगाचा. पोलीस आणि पालिका यांची रीतसर परवानगी घेऊन एका चौकाचे कोपरे एक दिवस शंकू आणि खडूच्या रंगाने लहान करायचे, आधीचा आणि नंतरचा वेग मोजायचा, आणि तो लोकांसमोर मांडायचा. जेवढं जमेल तेवढं द्या. पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवला जाईल. त्या बैठकीला कुणीही येऊ शकतं. पैशांऐवजी वस्तू दिलीत तरी चालेल, छापखाना असेल तर तक्ते छापून द्या, संगणकावर आकडे भरता येत असतील तर घरी बसून ते काम घ्या.

मिळालेले सगळे तक्ते, मूळ कागदांसकट, आम्ही पालिकेच्या रस्ते विभागाला, वाहतूक पोलिसांना आणि बस चालवणाऱ्यांना देणार आहोत. पहिली मागणी सेकंदांचीच असेल. हिरव्या दिव्याची वेळ वाढवायला ना खोदकाम लागतं ना निविदा.

नाव द्यायचं असेल तर समितीच्या कोणत्याही कार्यकर्त्याला सांगा. तुमच्या घराजवळचाच चौक देऊ. पहिल्या दिवशी अर्धा तास आधी या, तक्ता कसा भरायचा ते दाखवू. टोपी आणि पाण्याची बाटली तुमची, टेप, पेन्सिल आणि पॅड आमच्याकडे आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणलंत तर त्यांची चालही मोजून घेऊ. आई येणार आहे. तिला खुर्ची टाकून देणार आहोत, शेवटचा स्तंभ ती भरेल.