पडद्यावरचा डाग पुसणाऱ्या तांडेल काकांना

आदरणीय तांडेल काका,
सप्रेम नमस्कार.

हे सगळे खरे तर तुमच्या घरी येऊन, ओटीवर बसून सांगायचे होते. त्यासाठी मी दोनदा आलेही, पण मी विषय काढताच दोन्ही वेळा तुम्ही "पुरे गो" म्हणालात आणि काकूंना चहा टाकायला सांगितलेत. म्हणून आता सगळ्यांसमक्ष लिहिते आहे. तुम्हाला अवघडल्यासारखे होईल हे ठाऊक आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आमचा महोत्सव तसा लहानसाच. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय, पदरचे पैसे घालून तरुण मुले-मुली जे लघुपट आणि माहितीपट करतात, ते त्यांच्याकडून मागवून घ्यायचे आणि तीन दिवस गावाला दाखवायचे, एवढाच त्याचा पसारा. सकाळी शाळेतल्या मुलांना मोबाइलवर चित्रीकरण कसे करावे ते शिकवायचे, दुपारी ग्रंथालयाच्या खोलीत बायकांसाठी वेगळा खेळ ठेवायचा, रात्री सगळ्यांनी मिळून चित्रपट पाहायचा आणि तो करणाऱ्याला समोर बसवून प्रश्न विचारायचे. तिकीट नाही. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून आपल्या शेजारी पणजीला भरतो आणि आमच्यापैकी काही जण एसटीने तिथे जाऊनही येतात, पण मासळीचा लिलाव उरकून घरी परतणाऱ्या बाईने पणजीला कधी जायचे? तिच्या दारापाशी चित्रपट यावा, ही आमची इच्छा.

मागच्या महोत्सवाच्या वेळी ज्या सभागृहाने आम्हाला दोन महिने आधी होकार दिला होता, त्यांनी महोत्सवाच्या दोन दिवस आधी नकार कळवला. कारण विचारायला गेलो तेव्हा तिथल्या जबाबदार गृहस्थांनी आमची कार्यक्रमपत्रिका वरून खाली वाचली आणि विचारले, "यात ओळखीचा चेहरा कोणता आहे?" मी उत्तर दिले नाही, याची खंत मला आजही आहे. कोकणातल्या आजोबा-नातवाची गोष्ट सांगणारा 'श्वास' २००४ साली भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला. त्याआधी त्यातल्या लहान मुलाचा चेहरा तरी कोणाच्या ओळखीचा होता? पडदा आणि चौकट पुरवण्याचे कबूल करून आगाऊ रक्कम घेतलेल्या माणसाचा फोन त्याच संध्याकाळपासून बंद झाला, तो महोत्सव संपेपर्यंत बंदच राहिला. ज्यांनी आमच्या बैठकांत सर्वांत मोठ्या आवाजात सल्ले दिले होते, त्यांतल्या दोघा-तिघांना नेमकी त्याच आठवड्यात बाहेरगावची कामे निघाली. मी हे कोणाला दुखवण्यासाठी लिहीत नाही, पण तुम्ही आलात तेव्हा आमच्याजवळ किती कमी माणसे उरली होती, हे सांगितल्याशिवाय तुमच्या येण्याचे मोल कळणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी बंदराजवळच्या मैदानात आम्ही बाजारातून आणलेले पांढरे कापड शिवून बांबूंवर ताणले, ते समुद्राकडे पाठ करून. साडेपाचच्या सुमाराला खारा वारा भरला, कापडाचे पोट फुगले, आणि उजवीकडचा बांबू खड्ड्यातून उपटून कापडासकट आडवा झाला. कापड वरच्या कडेपासून हातभर फाटले. आजूबाजूचे लोक हळहळून निघून गेले. तुम्ही होडीच्या सावलीत जाळे तुणत बसला होतात. हातातले काम तिथेच ठेवून तुम्ही आलात, फाटलेली कड बोटांनी चाचपलीत, आणि कोण करतेय, कशासाठी करतेय, पैसे कोण देणार यातले काहीही न विचारता एवढेच म्हणालात, की हे शीड आहे, याला शिडासारखेच बांधायला हवे.

पडद्याची पाठ समुद्राकडे ठेवली तर दुपारभराचा वारा तो सगळा अंगावर घेणार, म्हणून त्याची धार वाऱ्याकडे करायची. वारा कापड मधोमध फाडत नाही, कडेला फाडतो, म्हणून चारही कडांना दुमड घालून आत दोर शिवायचा. चौकट आणि कापड यांच्यात वीतभर जागा सोडून दोर असा ओवायचा, की झोत आला तर कापड थोडे सरकेल आणि परत जागेवर येईल. आणि सूर्य बुडाल्याबुडाल्या खेळ सुरू करण्याची घाई करायची नाही. खारा वारा पडू द्यायचा, मतलई सुटायच्या आधी मधली जी शांत वेळ असते, तिच्यात पहिला चित्रपट लावायचा. आम्ही साडेसहाची वेळ साडेसात केली ती तुमच्या सांगण्यावरून. त्या रात्री तुम्ही, तुमचा पुतण्या आणि आम्ही चौघे मोबाइलच्या उजेडात दाभण घेऊन बसलो होतो. प्रकाश पलीकडे निसटू नये म्हणून मागून काळ्या कापडाचे अस्तर लावण्याचे काम आमचे, आणि शिवण तुमची. माझे टाके तुम्ही दोनदा उसवलेत, न रागावता.

पण काका, मी हे पत्र त्या शिवणीसाठी लिहीत नाही. पडदा शिवून देणारा माणूस शोधला असता तर कदाचित मिळालाही असता. मी लिहिते आहे ते शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला घडलेल्या गोष्टीसाठी. ती पाहायला तिथे माझ्याशिवाय कोणीच नव्हते.

पडदा चढवण्यासाठी जमिनीवर अंथरला होता. घाईत दोराचे टोक उचलायला मी धावले आणि माझा पाय कापडाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर पडला. सकाळीच धूळ बसावी म्हणून मैदानात पाणी मारले होते. जांभ्याच्या ओल्या मातीचा लालभडक ठसा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, पांढऱ्या कापडावर उमटला. मी म्हटले, राहू दे, इतक्या खाली कोणाला दिसणार आहे, अंधारच तर असेल. तुम्ही काही बोलला नाहीत. उठून पंपावर गेलात, तांब्याभर गोडे पाणी आणलेत, खांद्यावरचा धुतलेला पंचा काढलात, त्याचे टोक भिजवलेत, आणि डाग पसरू नये म्हणून बाहेरच्या कडेपासून आत, टिपत टिपत, तो ठसा पुसायला बसलात. मी ओशाळून म्हटले, काका, द्या इकडे, मी पुसते. तेव्हा मान वर न करता तुम्ही म्हणालात, "कोणाचा तरी तोंड येतला हेच्यार. थंय पायाचो डाग कसो चलात?"

काका, दोन दिवसांपूर्वी मला ओळखीच्या चेहऱ्याविषयी विचारले गेले होते. तुम्हाला त्या पडद्यावर कोणाचा चेहरा येणार हे ठाऊकही नव्हते. तुमच्या दृष्टीने तो माणसाचा होता, एवढे पुरेसे होते.

सगळा डाग गेला नाही. विड्याच्या पानाएवढी फिकट तांबूस छटा राहिली. रात्री साडेसातला वारा पडला. पहिला चित्रपट अकरा मिनिटांचा होता, एका मुलीने आपल्या आजीवर केलेला. त्यात आजी चुलीसमोर बसून पेज ढवळते, फुंकणीने जाळ फुलवते आणि मग कॅमेऱ्याकडे इतक्या जवळून बघते, की तिच्या गालावरच्या सुरकुत्या मोजता याव्यात. त्या वेळी तिची हनुवटी बरोबर खालच्या डाव्या कोपऱ्यात आली होती, आणि ती तांबूस छटा तिच्या चुलीच्या उजेडात अशी मिसळून गेली, की मी डोळे ताणून शोधली तरी मला सापडली नाही. चित्रपट करणारी मुलगी माझ्या शेजारी उभी होती. आपल्या आजीचा चेहरा एवढा मोठा झालेला तिने पहिल्यांदाच पाहिला, कारण तोवर तिने तो फक्त लॅपटॉपवर आणि मोबाइलवर पाहिलेला होता. मी तिला त्या डागाची गोष्ट तेव्हा सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी सांगितली, तेव्हा ती उठून तुम्हाला शोधायला गेली. तिने तुम्हाला वाकून नमस्कार का केला, हे तुम्ही मला नंतर विचारले होतेत. त्याचे कारण हे.

असल्या गोष्टींवर या देशात चित्रपट पाहण्याची सगळी चळवळ उभी राहिली, असे मला वाटते. १९४७ साली कलकत्त्यात सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी फिल्म सोसायटी सुरू केली आणि १९५९ साली देशभरातल्या अशा मंडळांचा महासंघ झाला, तेव्हापासून गावोगावची ही मंडळे मागून आणलेल्या खोल्या, उसने यंत्र आणि कोणाचा तरी मोकळा वेळ यांवरच चालत आली आहेत. आपल्याकडे हे समजावून सांगावे लागू नये. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला जो दोराला हात लावतो, त्याला वाट्यातले मासे मिळतात. दशावतारी मंडळी जत्रेला येतात तेव्हा त्यांच्याजवळ एक बाकडे आणि एक पडदा यांपलीकडे काही नसते, तरी देवळासमोर गाव पहाटेपर्यंत बसतो, आणि राजाचे सोंग घेतलेल्या माणसाचा सकाळी चहा कोणाच्या घरी व्हायचा याची चिंता कोणाला करावी लागत नाही. हा साधा भलेपणा अजून आहे. तो ज्यांच्याकडे सभागृहाच्या किल्ल्या आहेत त्यांच्याकडेच शोधत बसलो, ही आमची चूक झाली.

तिन्ही रात्री तुम्ही पडद्याच्या मागे, दोरांपाशी बसून राहिलात. काळ्या अस्तरामुळे तिथून चित्र दिसत नव्हते, नुसता आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या रात्री नऊनंतर मतलई जोर धरू लागली, तेव्हा तुम्ही दोन ठिकाणी दोर सैल केलात आणि एका ठिकाणी आवळलात, आणि समोर बसलेल्या माणसांना त्याचा पत्ताही लागला नाही. काकू मात्र पहिल्या रांगेत होत्या. ज्यांना पडद्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी आमच्या ग्रंथालयातली एक मुलगी परभाषेतले संवाद मालवणीत मोठ्याने सांगत होती, आणि काकू ते मनात साठवून घरी गेल्यावर तुम्हाला एकेक गोष्ट सांगत होत्या, असे मला त्यांच्याकडूनच कळले. तीन दिवसांचा सगळा महोत्सव तुम्ही तुमच्या ओटीवर, काकूंच्या तोंडून पाहिलात.

हिशेबाच्या वेळी तुम्ही फक्त दोराचे पैसे घेतलेत, दुकानदाराची चिठ्ठी आमच्या हातात ठेवून, वरचे सुटे परत करून. आणि चौथ्या दिवशी सकाळी पडदा ग्रंथालयाच्या पायरीवर आणून ठेवलात. खाऱ्या हवेने कापड कुजते म्हणून तो गोड्या पाण्यात धुतला होता, काकूंनी अंगणात वाळवला होता, आणि शिडाची घडी घालतात तशी घालून तो त्याच दोराने बांधला होता. गाठ अशी, की एक टोक ओढले की सुटावी. ती सोडायला आमचे मन होईना.

परवा सोडली. या वर्षीचा महोत्सव पुन्हा त्याच मैदानात होणार आहे, आणि या वेळी आम्ही कोणत्याही सभागृहाला विचारलेले नाही. तुमच्या पुतण्याने आम्हा पाच जणांना दोर ओवायला, सैल करायला आणि आवळायला शिकवले आहे. गेले दोन रविवार आम्ही मैदानात जाऊन सराव केला, आणि काल भर वाऱ्यात पडदा जागचा हलला नाही. पहिल्या रांगेत काकूंच्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी ठेवली आहे. साडेसातला या. दोरांकडे आम्ही बघू.

आपली नम्र,
ग्रंथालयातली एक कार्यकर्ती