पट्टा दिला, पण पात्राचे काय?

महोदय,

दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो. त्यामुळे नायक कोणाला करायचे आणि खलनायक कोणाला, हा निर्णय लेखकांचा व मालकांचा असतो आणि कोणत्या समाजगटाला कसे दाखवले जाते, याचा जाबही त्यांनाच विचारायला हवा. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-कंपनीने १९९०च्या दशकात सामोअन वंशाच्या अमेरिकी मल्लाला ‘योकोझुना’ या नावाने जपानी सुमोपटू म्हणून उभे केले, तर २००४-०५मध्ये इटालियन वंशाच्या मल्लाला ‘मुहम्मद हसन’ हे संतप्त अरब-अमेरिकी पात्र दिले. २०१७मध्ये याच कंपनीचा अजिंक्यवीर ठरलेला भारतीय वंशाचा जिंदर महल कॅनडात जन्मलेला, तरी त्याला परका म्हणूनच रंगवले गेले.

बदल झालाच नाही, असे नाही. २०१९च्या ‘रेसलमेनिया’त, म्हणजे कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, घानात जन्मलेल्या कोफी किंग्स्टनने अजिंक्यपदाचा पट्टा मिळवला आणि त्याच रात्री या कार्यक्रमातील शेवटची मुख्य लढत प्रथमच महिलांची झाली. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रॉक लेस्नर या मल्लाकडून अवघ्या काही सेकंदांत कोफीचा पराभव घडवून आणण्यात आला (संहितेतच तसे लिहिलेले!), आणि त्यानंतर त्याची कथा पुढे नेण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. म्हणूनच पट्टा कोणाच्या कमरेला आहे, यापेक्षा पराभवानंतरही कोणाच्या पात्राला कथेत जागा उरते, हे प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी तपासावे.

– एक वाचक