सुट्टीवरून न परतलेल्या जवानाबद्दल, मेघनास

सातारा

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, कोर्ट ऑफ इन्क्वायरीवर, म्हणजे लष्करी चौकशी मंडळावर, तुला मेंबर घेतलंय. जवान सुट्टीवरून आला नाही, तीस दिवस उलटले, आता एका बैठकीत कागद पुरा करायचाय. आणि जाता जाता विचारलंस, "अण्णा, भगोड्याला माफी नकोच ना?" फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

गोळीबार चालू असताना पिकेट, म्हणजे पहाऱ्याची चौकी, सोडून जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. त्याची ड्यूटी दुसऱ्याच्या अंगावर पडते, लढाईची जागा उघडी पडते आणि जीव जातो भलत्याचाच. पहिल्या महायुद्धात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंग्याचे 46 जण गेले. त्या गावच्या स्मारकापुढून मी किती वेळा गेलोय, तुला ठाऊक आहे. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 38 नं प्रत्यक्ष मोहिमेवरून पळणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे, एरवी सात वर्षांपर्यंत कैद. अशा माणसाला खुशाल लांबची कैद द्यावी. जीव घेणं मात्र मला पटत नाही. त्याच महायुद्धात ब्रिटिश लष्करानं आपल्याच बाजूच्या 306 सैनिकांना पळणं, भित्रेपणा अशा लष्करी गुन्ह्यांची शिक्षा म्हणून गोळ्या घातल्या, त्यातल्या 266 जणांना पळून गेल्याबद्दल. तोफांच्या माऱ्यानं ज्यांचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं, असेही त्यात होते. 2006 साली तिथल्या सरकारनं त्यांना माफी दिली. तोवर त्यांचे आईबाप, बायका सगळे मातीत गेले होते.

तुझ्यासमोरची केस तशी नाही. सुट्टी मंजूर होती, माणूस रीतसर घरी गेला आणि परतला नाही, एवढंच आज तुला माहीत आहे. परत यायचंच नाही असं ठरवून गेलेला वेगळा आणि घरी अडकलेला वेगळा. कायदाही दोघांना एका मापानं मोजत नाही. बिनपरवाना गैरहजेरीचं कलम 39 निराळं आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता कलम 106 पुन्हा काढून वाच. इन्क्वायरीनं दोन गोष्टी बघायच्या असतात: माणूस परवानगीशिवाय किंवा पुरेशा कारणाशिवाय गैरहजर आहे का, आणि त्याच्याकडचं सरकारी सामान किती कमी भरतं. पुढे तो स्वतः हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तर तुमच्या त्याच कागदावर तो कायद्यानं भगोडा ठरतो. आपल्याकडे होतं काय, की बूट किती, ब्लँकेट किती हे बारकाईनं मोजतात आणि कारणाचा रकाना एका ओळीत उरकतात.

आमच्या कंपनीत जत तालुक्यातला एक पोरगा होता. असाच राहिला. त्याची ट्रंक आमच्यासमोर उघडली. स्टोअरवाला एकेक वस्तू उचलून पुकारत होता, क्लार्क लिहीत होता. जर्सीच्या घडीखाली इनलँड पत्रांचा गठ्ठा निघाला, सुतळीनं बांधलेला. वडील गेलेले, विहीर आटलेली, भावकीनं बांध कोरलेला, आई एकटी. वाढीव सुट्टीसाठी त्यानं केलेला अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून राहिला होता. इनलँड पत्रं काही सरकारी सामान नव्हतं, त्यामुळे यादीत आली नाहीत. सामान पूर्ण भरलं, कागद संपला. काही महिन्यांनी तो आपल्या पायानं गेटवर आला. दाढी वाढलेली, हातात रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा दाखला. समरी कोर्ट मार्शल, म्हणजे झटपट लष्करी खटला, झाला, कैद झाली आणि वर डिसमिस. सर्व्हिस चौदा वर्षांची. पंधरा वर्षं पुरी झाली की पेन्शन लागते, हे तुला सांगायला नको. शिक्षा त्याला झाली, पण पुढची सगळी वर्षं ती त्याच्या आईनं आणि पोरांनी भोगली.

शिक्षा नको असं मी म्हणत नाही. तो आला नाही म्हणून बाकीच्यांच्या सुट्ट्या अडतात, पलटणीत कुजबुज होते. गैरहजेरीच्या दिवसांचा पगार जावाच, कैद व्हावी, फीत उतरावी. पण जो स्वतःहून परत आला आणि ज्याच्या घरी खरंच आभाळ कोसळलं होतं, त्याची नोकरी आणि पेन्शन काढून घेऊ नये. पळायचंच असतं तर तो गेटवर आला नसता.

तुझा जवान माण तालुक्यातला, एवढंच बोललीस. नाव-गाव मला सांगू नकोस, ते बरोबर नाही. पण चौकशीचे प्रमुख, प्रिसायडिंग ऑफिसर साहेबांना विचारून त्याच्या घरची चौकशी रीतसर मागव. साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, त्यांना पत्र टाक. पोलिसांना कळवतात ते पकडून आणायला. घरात काय झालंय हे त्या कागदात विचारलेलं नसतं. त्याच्या सेक्शनमधल्या पोरांचे जबाब घे, आणि घेताना सुभेदार साहेबांना बाहेर बसव, नाहीतर पोरं तोंड उघडणार नाहीत. वाढीव सुट्टीसाठी अर्ज किंवा फोन आला होता का, हे क्लार्कच्या तोंडी उत्तरावर सोडू नकोस, रजिस्टर स्वतः बघ. दोन दिवस जास्त लागले तर मागून घे. तू सगळ्यात ज्युनिअर आहेस, तरी मेंबर म्हणून सही तुझीही पडणार आहे.

तुझे,
अण्णा